परसातला आडोसा आणि जुने लाकूड

झाशीहून माणिकपूरकडे जाणारा लोहमार्ग १८८९ साली सुरू झाला. त्याच मार्गावर मऊरानीपुर हे विणकरांचे गाव आहे. बुंदेलखंडातील अशा गावांत धुणे, भांडी आणि पुष्कळदा स्नानही परसातच होते; तेथे आडोसा ही चैन नव्हे. शिवाय उन्हाळ्यात गुरे मोकाट सोडण्याची 'अन्ना प्रथा' या भागात रूढ आहे. कुंपण नसेल तर परसातला भाजीपाला एका रात्रीत फस्त होतो. विटांची भिंत महाग पडते, म्हणून जुन्या लाकडाकडे लक्ष जाते.

कौलारू घर उतरवून स्लॅब घातला की वासे, रिपा, तुळया आणि चौकटी मोकळ्या होतात. वर्षानुवर्षे छपराखाली वाळलेले हे लाकूड नव्या ओल्या फळीप्रमाणे सहसा वाकत नाही. मात्र ते पारखून घ्यावे लागते. ठोकल्यावर ठणठणीत आवाज आला तर गाभा शाबूत आहे. बद्द आवाज आला तर आत वाळवीने घर केले असण्याचा संभव असतो. टोच्या सहज आत शिरला तर ती फळी बाजूला ठेवावी. लपलेले खिळे लोहचुंबक फिरवून शोधावेत. एक खिळा राहिला तरी करवतीचे दाते मोडतात आणि हातालाही इजा होते.

रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची गोष्ट वेगळी आहे. १९७०च्या दशकापासून काँक्रीटचे स्लीपर वाढत गेले आणि काढलेले लाकडी स्लीपर भंगारात विकले गेले. सुमारे पावणेतीन मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड असा हा ठोकळा कुंपणाच्या खांबासाठीच घडवला आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. पण देवदार, चीड यांसारख्या लाकडांच्या स्लीपरांत क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले तेल दाबाने मुरवलेले असे. पंजाबात धिलवान येथे त्याचा कारखानाच होता. या तेलामुळे वाळवी दूर राहते हे खरे, परंतु त्वचेची आग होते आणि कर्करोगाचाही संभव असतो. युरोपीय संघाने २००३ पासून घरगुती वापरासाठी त्यावर कडक निर्बंध घातले. काळपट, उग्र वासाचा, उन्हात चिकट होणारा ठोकळा विहिरीजवळ, भाजीच्या वाफ्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी लावू नये. त्याचे उरलेले तुकडे चुलीत घालणे तर सर्वांत घातक. त्या धुरात भाकरी भाजली जाते आणि तोच धूर घरातल्यांच्या श्वासात जातो.

खांबांसाठी सुमारे दोन फूट खोल खड्डा घेऊन तळाशी खडी घालावी, म्हणजे पाणी मुरून जाते. फळ्या जमिनीपासून चार बोटे वर ठेवाव्यात. ओल आणि वाळवी दोन्ही खालूनच चढतात. लाकडाला जवसाचे तेल द्यावे. तेलाचे फडके चुरगाळून टाकू नये, ते आपोआप पेट घेऊ शकते, पसरून वाळवावे.

फळ्या अगदी सलग बसवण्याचा मोह होतो, पण मे महिन्यातील वादळी वाऱ्यात असे कुंपण शिडासारखे फुगते आणि खांबासकट आडवे होते. त्यासाठी फळ्या खांबाच्या दोन्ही अंगांना एकाआड एक ठोकतात. वारा मधून निघून जातो, आणि बाहेरच्या नजरेला आतले काही दिसत नाही.