पोलो जीटी: सस्पेन्शनचे भाग बदलताना

चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे ट्विस्ट बीम असे सस्पेन्शन आहे. रचना साधी आहे, पण झीज चुकत नाही. पुण्यातले खड्डे आणि मनमानी उंचीचे गतिरोधक यांचा मार आधी पुढच्या लिंक रॉडवर आणि लोअर आर्मच्या रबरी बुशवर पडतो. खडबडीत रस्त्यावर खडखड ऐकू आली तर लिंक रॉड तपासावा. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर बुशवर संशय घ्यावा. शॉकअब्सॉर्बरवरून तेल ओघळू लागले, की तो बदलायचा. तोही जोडीने, कारण एक नवा आणि एक जुना असला तर वळणावर गाडीचा तोल बिघडतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रट उघडणे जिवावर बेतू शकते. तो उघडलाच, तर वरचे माउंट आणि बेअरिंगही नवे घालावे. मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

खरी गफलत होते ती बुश आवळताना. गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण कसला, तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून चाकांवर वजन आल्यावरच अखेरचा पीळ द्यावा. ठरावीक टॉर्कनंतर काही अंश फिरवून कसायचे बोल्ट ताणले जातात, त्यामुळे ते पुन्हा वापरू नयेत. नाना पेठेत सुटे भाग घेताना नेमके हेच बोल्ट विसरले जातात. लोअर आर्म काढल्यास चाकांचे कोन बदलू शकतात. त्यामुळे शेवटी व्हील अलाइनमेंट करावे.