पावती न फाडलेला भाऊसाहेब

‘बेलापूर’ नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि आमचं बेलापूर गाव तिथून काही किलोमीटरवर प्रवरेच्या काठी. रेल्वेत आमचं फक्त नाव; रोजच्या जाण्यायेण्याला आधार एसटीचा. 1 जून 1948 रोजी राज्यातली पहिली एसटी धावली, तीही पुणे ते अहमदनगर. त्यामुळे आमच्या जिल्ह्याला एसटी जरा जास्तच घरची वाटते.

मी एसटीच्या एका आगारात लिपिक आहे. चालक-वाहक मला ‘भाऊसाहेब’ म्हणतात. 2021 मध्ये नोकरीला तेरा वर्षं झाली होती आणि तोवर मी एकाही संघटनेची पावती फाडली नव्हती. वडील एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. तिथल्या दोन संघटनांच्या भांडणात त्यांचं कायम होणं राहून गेलं. ते म्हणायचे, “कुणाच्या वर्गणीत पडू नको, आपलं काम बरं.” मी तेच धरून बसलो.

ऑक्टोबर 2021 च्या शेवटी संपाची ठिणगी पडली. करोनानं महामंडळाचं उत्पन्न आटलं होतं, पगार लांबत होते, कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. एसटी हे राज्य सरकारचं खातं नाही, स्वतंत्र महामंडळ आहे. म्हणून राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाची मागणी पुढे आली. संघटनांच्या कृती समितीनं उपोषण सुरू केलं आणि मागेही घेतलं, पण कामगार थांबले नाहीत. दिवाळी सरता सरता राज्यातली जवळपास अडीचशे आगारं बंद पडली. या संपाची गंमत अशी, की संघटनाच मागे पडल्या. ‘तू कुठल्या झेंड्याचा?’ हा प्रश्न कुणी विचारेना. फाटकाच्या आत की बाहेर, एवढंच उरलं. मी आत होतो.

सकाळी बेलापुरातून मोटारसायकलवर निघायचं आणि फाटकाबाहेर संपकऱ्यांच्या मंडपासमोर आलं की मान खाली घालून आत वळायचं. शिवीगाळ झाली नाही. पण चहाच्या टपरीवर माझ्यासाठी सरकणारा बाक सरकेना, ते शिवीपेक्षा जास्त लागायचं. आवारात गाड्यांवर धूळ साचली होती. कॉलेजच्या मुली वडापला दुप्पट पैसे देऊन जायच्या, नाहीतर घरीच बसायच्या.

आत राहणाऱ्याला वाटतं, आपण रोजचंच काम करतोय. पण संपात रोजचं काम उरत नाही. फेऱ्याच नाहीत तर हिशेब कसला? माझ्याकडे आला हजेरीपट. समोर मंडपात बसलेल्यांच्या नावापुढे गैरहजेरी मांडायची आणि मग नोटिसा टाईप करायच्या. त्या संपात राज्यभर दहा हजारांहून जास्त जणांवर निलंबनाची कारवाई झाली. त्यातले काही कागद माझ्या हातून गेले. नदीपलीकडच्या एका चालकाचा बिल्ला नंबर मला पाठ होता. त्याचीही नोटीस मीच टाईप केली. संध्याकाळी तो थांब्यावर भेटला.

“भाऊसाहेब, आडनाव तरी नीट टाकलं ना? मागं पगाराच्या कागदावर चुकलं होतं.”

मी “नीट टाकलंय” म्हणालो. दुसरं काय बोलणार?

कायदा काय सांगतो, ते मी त्याच दिवसांत वाचलं. संघटना काढण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे, संपाचा मात्र मूलभूत हक्कांत नाही. आपल्या राज्याचा 1971 चा कामगार संघटना मान्यता कायदा संघटनेत यायला किंवा न यायला बळजबरी करणं अनुचित ठरवतो. संपात नसलेल्याला दारात अडवणं, धमकावणंही त्यात येतं. म्हणजे माझं आत जाणं कायद्यात बसत होतं. पण तोच कायदा मान्यताप्राप्त संघटनेला सगळ्यांच्या वतीनं वाटाघाट करू देतो. तिथं झालेला करार सभासदाला लागू, तसा पावती न फाडणाऱ्यालाही.

याचा अर्थ मला 24 नोव्हेंबरला कळला. सरकारनं मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंतच्या सेवेला 5,000, दहा ते वीस वर्षांना 4,000, त्यापुढे 2,500 रुपये. शिवाय पगार दहा तारखेच्या आत. मी दहा ते वीसमध्ये बसत होतो. म्हणजे मंडपात थंडीत बसले ते, त्यांचा पगार बुडाला, आणि चार हजार मलाही मिळाले. ‘आपण ना त्यांच्यात, ना यांच्यात’ असं मी जे स्वतःला सांगत होतो, ते त्या दिवशी संपलं.

वाढीनंतर काही जण परतले, कंत्राटी चालक आले, थोड्या गाड्या सुटू लागल्या. बाकीचे विलीनीकरणावर ठाम राहिले; ते झालं नाहीच. 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयानं 22 एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं, तेव्हा मंडप उठला. नदीपलीकडचा चालकही आला. टपरीवरचा बाक मात्र लगेच सरकला नाही. त्याला पावसाळा उजाडला.

संघटनेत जावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी अजूनही पावती फाडलेली नाही. पण तुमच्याकडे संप झाला आणि तुम्ही आत राहिलात, तर दोन गोष्टी करा. दुसऱ्याचं काम तोंडी हुकमावर अंगावर घेऊ नका, लेखी मागा. आणि बाहेर बसलेल्याच्या घरी एक फोन करा, किराणा भरलाय का विचारा. पहिली गोष्ट मी केली. दुसरी करायची राहून गेली.