विश्लेषण : स्वीडनला ‘नाटो’च्या उंबरठ्यावर ६५९ दिवस का ताटकळावे लागले?

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १८ मे २०२२ रोजी, फिनलंड आणि स्वीडन या शेजाऱ्यांनी ‘नाटो’कडे एकत्रच अर्ज दिले. फिनलंडला ३२१ दिवसांत प्रवेश मिळाला. स्वीडनला मात्र ६५९ दिवस लागले. अद्ययावत लष्कर, जुनी लोकशाही, भक्कम अर्थव्यवस्था असे सगळे असूनही घोडे अडले ते ‘नाटो’च्या मूळ करारातील एका कलमावर.

नियम काय सांगतो?

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी केलेल्या या करारात अवघी १४ कलमे आहेत. चर्चा होते ती कलम ५ ची. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, असे ते सांगते. नव्या देशाला दार उघडते ते कलम १०, आणि त्यासाठी सर्व सदस्यांचे एकमत लागते. बहुमत चालत नाही. निमंत्रणानंतर प्रत्येक सदस्य देशाने आपापल्या पद्धतीने, बहुतेक ठिकाणी संसदेत, मंजुरी द्यायची आणि तो कागद अमेरिकी सरकारकडे जमा करायचा. त्यासाठी मुदत नाही. स्वतःचे सैन्यच नसलेल्या आइसलँडचे मत इथे अमेरिकेच्या मताइतकेच वजनदार!

मग माशी शिंकली कुठे?

तत्कालीन ३० पैकी २८ देशांची मंजुरी २०२२ संपण्यापूर्वीच मिळाली होती. अमेरिकी सिनेटमध्ये तर ९५ विरुद्ध १ असे मतदान झाले. उरले तुर्कस्तान आणि हंगेरी. कुर्दी बंडखोर संघटना ‘पीकेके’च्या समर्थकांना स्वीडन आश्रय देतो, असा तुर्कस्तानचा आक्षेप. त्यावर जून २०२२ मध्ये माद्रिद येथे त्रिपक्षीय समझोता झाला. स्वीडनने दहशतवादविरोधी कायदा कडक करण्यासाठी राज्यघटनेतही दुरुस्ती केली. पण जानेवारी २०२३ मध्ये स्टॉकहोमला तुर्की दूतावासाबाहेर कुराण जाळण्यात आले आणि बोलणी थांबली. ‘दोघे मिळून आत जाऊ’ म्हणणारा फिनलंड अखेर ४ एप्रिल २०२३ रोजी एकटाच आत गेला.

तुर्की संसदेने स्वीडनला मंजुरी दिली ती २३ जानेवारी २०२४ रोजी. तीनच दिवसांनी अमेरिकी प्रशासनाने तुर्कस्तानला ‘एफ-१६’ विमाने विकण्याच्या सुमारे २३ अब्ज डॉलरच्या व्यवहाराला हिरवा कंदील दाखवला. हंगेरीची तक्रार वेगळी होती. स्वीडिश नेते आमच्या लोकशाहीला नावे ठेवतात, असे तिचे म्हणणे. २३ फेब्रुवारीला चार ‘ग्रिपेन’ विमानांचा करार झाला आणि २६ फेब्रुवारीला हंगेरीच्या संसदेने होकार दिला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे ‘नाटो’तही खरे. ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन ३२वा सदस्य झाला.

या प्रतीक्षेत धोका कोणता?

कलम ५ चे छत्र अर्जदाराला मिळत नाही. दोन शतकांची लष्करी अलिप्तता सोडल्याचे जाहीर केलेले, रशियाचा रोष ओढवून घेतलेला, पण संरक्षणाची हमी नाही. अशा अवस्थेत स्वीडन जवळपास दोन वर्षे होता. म्हणूनच ब्रिटनने मे २०२२ मध्ये, अर्जाच्या आठवडाभर आधी, दोन्ही देशांना मदतीचे लेखी आश्वासन दिले होते. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेल्या फिनलंडला त्याची किंमत सांगायला नको.

यापूर्वी असे घडले आहे?

मॅसिडोनियाला तर केवळ नावापायी थांबावे लागले. ग्रीसच्या उत्तर भागाचे नावही मॅसिडोनियाच असल्याने २००८च्या बुखारेस्ट परिषदेत ग्रीसने त्याची वाट रोखली. देशाने नाव बदलून ‘उत्तर मॅसिडोनिया’ केले, तेव्हा कुठे मार्च २०२० मध्ये प्रवेश मिळाला.

त्याच बुखारेस्ट परिषदेत युक्रेन आणि जॉर्जियाला ‘तुम्ही सदस्य व्हाल’ असे सांगण्यात आले. कधी, ते सांगितले नाही. चारच महिन्यांत रशियाचे रणगाडे जॉर्जियात होते. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. युक्रेनने सप्टेंबर २०२२ मध्ये तातडीच्या प्रवेशाची मागणी केली. जुलै २०२४ मध्ये ‘नाटो’ने त्याची वाटचाल अपरिवर्तनीय ठरवली, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी हे सदस्यत्व वास्तववादी नसल्याचे ब्रुसेल्समध्ये सांगून टाकले. मंजुऱ्या आता ३० नव्हे, ३२ लागतील.