जुनी मोटार आणि पेट्रोलचा हिशेब

जुनी मोटार घ्यावयाचे मनाशी ठरवून एखादा गृहस्थ बाजारात गेला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ तो पुण्याचा निवृत्त शिक्षक असो, इंदूरचा व्यापारी असो, की नागपुराहून बदली होऊन दिल्लीस गेलेला सरकारी नोकर असो. प्रश्नात फरक पडत नाही. विकणाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते : ‘अठरा-वीसला मरण नाही.’ ह्या उत्तरावर विसंबून संसारी माणूस दोन-चार लाख रुपये मोजून मोकळा होतो. ती रक्कम बहुधा कित्येक वर्षांच्या काटकसरीतून साठलेली, किंवा पुढील काही वर्षांच्या पगारातून फेडावयाची असते. म्हणूनच हा प्रश्न जरा बारकाईने तपासून पाहिला पाहिजे. अमुक जातीची मोटार लिटरला किती किलोमीटर जाते, एवढे कळून भागत नाही. समोर उभी असलेली ती विशिष्ट मोटार, घेणाऱ्याच्या विशिष्ट वापरात, वर्षाकाठी किती लिटर पेट्रोल पिईल आणि त्यापायी एकंदर किती रुपये खर्ची पडतील, हा खरा प्रश्न होय.

‘ॲव्हरेज’चा हा ध्यास अकारण निर्माण झालेला नाही. स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके ॲम्बॅसडर, फिएट आणि स्टँडर्ड अशा मोजक्याच मोटारी देशात मिळत. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जेथे निवडीलाच वाव नाही, तेथे पेट्रोलची चौकशी करून काय साधणार? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हलक्या वजनाची, लहान इंजिनाची व थोड्या पेट्रोलवर चालणारी मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. तेव्हापासून पेट्रोलचा आकडा हीच मोटारीची पहिली ओळख होऊन बसली. आज जुन्या गाड्यांच्या बाजारात निवडीला एवढा वाव आहे, की आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे जाणून घेणे आवश्यक झाले आहे.

जाहिरातीतील आकडा येतो कोठून, हे प्रथम पाहणे उचित ठरेल. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आणि तिच्यासारख्या अन्य मान्यताप्राप्त संस्था, नव्या मोटारींची चाचणी घेतात. ह्या चाचणीसाठी मोटार रस्त्यावर नेत नाहीत. प्रयोगशाळेत फिरत्या रोलरांवर ती उभी करतात. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या मोटारींच्या बाबतीत ही चाचणी सुमारे वीस मिनिटांची असे. ठरलेल्या क्रमाने मोटार चालवावयाची, थांबवावयाची, पुन्हा चालवावयाची. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर न्यावयाचा नाही, आणि एसी बंद ठेवावयाचा. ह्या पद्धतीने २०१४ सालच्या मारुती सेलेरिओचा आकडा लिटरला २३.१ किलोमीटर, त्याच वर्षीच्या अल्टो के-१० चा २४.०७, त्याच सुमारास आलेल्या पेट्रोलवरील होंडा सिटीचा १७.८, आणि २०२० सालच्या डिझायरचा हाताने गिअर बदलण्याच्या प्रकारात २३.२६ असा जाहीर झाला होता.

प्रत्यक्ष रस्त्यावर हे आकडे सहसा हाती लागत नाहीत. तेथे खड्डे असतात, सिग्नल असतात, मे महिन्याचे ऊन असते आणि गाडीत पाच माणसांसह सामान असते. म्हणून जाहीर आकडे खोटे ठरत नाहीत. एकाच कसोटीला उतरविलेल्या दोन मोटारींत कमी पिणारी कोणती, एवढे ते सांगतात. तुलनेपुरता त्यांचा उपयोग करावा. घरखर्चाच्या वहीत मात्र ते जसेच्या तसे उतरवू नयेत.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. लिटरला मिळणाऱ्या किलोमीटरांत विचार करण्याची सवय जडल्यामुळे एक चमत्कारिक भ्रम उत्पन्न होतो. वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास धरला, तर लिटरला १० किलोमीटर जाणाऱ्या मोटारीस १,००० लिटर पेट्रोल लागेल, आणि १२ जाणारीस सुमारे ८३३ लिटर; म्हणजे बचत १६७ लिटरची. आता २० जाणारी मोटार सोडून २२ जाणारी घेतली, तर ५०० लिटरांऐवजी सुमारे ४५५ लिटर लागतील. म्हणजे बचत जेमतेम ४५ लिटरची. दोन्हीकडे फरक दोनच किलोमीटरांचा दिसतो. खिशातली बचत मात्र एकीकडे दुसरीच्या जवळजवळ चौपट होते. तात्पर्य, जास्त पिणारी मोटार टाळण्यात मोठा लाभ आहे. दोन मुळात काटकसरी मोटारींपैकी अधिक काटकसरी कोणती, ह्यावर फार घासाघीस करण्यात तेवढा नाही.

दुसरा हिशेब किमतीचा. प्रत्यक्ष वापरात लिटरला १५ किलोमीटर जाणारी एक मोटार आहे आणि १८ जाणारी दुसरी आहे. दुसरीची किंमत ६०,००० रुपयांनी अधिक आहे. पेट्रोलचा भाव सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरू. ज्याचा वर्षाचा प्रवास ६,००० किलोमीटर आहे, त्याला पहिल्या मोटारीत ४०० लिटर लागतील आणि दुसरीत ३३३. वर्षाला ६,७०० रुपये वाचतील, आणि अधिकचे साठ हजार वसूल व्हावयास नऊ वर्षे जातील. तोवर मोटार म्हातारी होईल. ज्याचा प्रवास १८,००० किलोमीटर आहे, त्याचे मात्र वर्षाला २०० लिटर, म्हणजे २०,००० रुपये वाचतील. तीन वर्षांत त्याचा फरक भरून निघेल. एकाला जो सौदा फायद्याचा, तोच दुसऱ्याला तोट्याचा. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी स्वतःचा वर्षाचा प्रवास कागदावर मांडणे, ही खरेदीची पहिली पायरी होय.

ह्याच हिशेबात सुटे भागही धरावे लागतात. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली, आणि फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा कंपन्यांच्या मोटारी जुन्या बाजारात स्वस्त मिळतात आणि त्यांतील काही चांगल्याही असतात. परंतु आपल्या गावात त्यांचे सुटे भाग व जाणता मिस्त्री आहे की नाही, हे आधी पाहावे. पेट्रोलमध्ये वाचलेले रुपये एका दुर्मीळ भागापायी क्षणात निघून जाऊ शकतात.

प्रवास किती, ह्याइतकेच प्रवास कसा हेही महत्त्वाचे आहे. मुंबई किंवा बंगलोर येथील गर्दीत मोटार पुढे सरकण्यापेक्षा थांबूनच अधिक राहते. तेथे हलकी मोटार व एक लिटरच्या आसपासचे लहान इंजिन शोभते. परंतु तीच मोटार दर शनिवारी पाच माणसे व सामान घेऊन घाट चढणार असेल, तर लहान इंजिनाला सतत खालच्या गिअरमध्ये धापा टाकाव्या लागतात. अशा वेळी सव्वा लिटरच्या आसपासचे इंजिन कमी श्रमांत तेच काम करते आणि पेट्रोलही फारसे अधिक घेत नाही. स्वयंचलित गिअरच्या जुन्या चार-टप्पी गाड्या शहरात बऱ्यापैकी पितात. सेलेरिओबरोबर २०१४ साली आलेल्या ‘एएमटी’ प्रकारात मात्र मूळ रचना हाती गिअरचीच असल्याने तो तोटा जवळजवळ नाहीसा झाला आहे.

जात आणि इंजिन ठरले, तरी अर्धेच काम झाले. एकाच वर्षाच्या, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन मोटारींत आठ-दहा वर्षांनी मोठे अंतर पडते. कार्ब्युरेटरच्या काळात कुशल मिस्त्री एक स्क्रू फिरवून पेट्रोल कमी-अधिक करू शके. आजच्या मोटारीत ते काम संगणक करतो आणि धुराड्यातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर त्यास वर्दी देतो. हा सेन्सर बिघडला, तर इंजिनास गरजेपेक्षा अधिक पेट्रोल मिळू शकते, आणि समोरच्या फलकावर इंजिनाचे चित्र असलेला दिवा पेटतो. किल्ली फिरविताच हा दिवा क्षणभर लागावा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझावा. तो मुळी लागतच नसेल, तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे असे समजावे.

काही परीक्षा तर कोणत्याही उपकरणाविना करता येतात. इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू करावयास सांगावे. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे. काळा असेल तर पेट्रोल वाया जात आहे. पांढरा धूर बराच वेळ थांबत नसेल तर रेडिएटरचे पाणी आत शिरण्याचा संभव आहे. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून, एका माणसाने ढकलून पाहावी. ती जडपणे हलत असेल तर ब्रेक चाकांना धरून राहिले आहेत आणि प्रत्येक किलोमीटरला पेट्रोल खात आहेत. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच झिजलेला आहे. टायर एकाच कडेने घासलेले असतील, तर चाकांचा मेळ बिघडलेला आहे.

मीटरवरील किलोमीटरांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मीटर मागे फिरविता येते. झिजलेले पेडल आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग मागे फिरविता येत नाही. सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. ते क्रमाने लावून पाहावेत. पुरातून निघालेल्या मोटारींपासून तर विशेष जपावे. चेन्नईत २०१५ साली, केरळात २०१८ साली आणि कोल्हापूर-सांगलीस २०१९ साली आलेल्या पुरांत असंख्य वाहने बुडाली. अशी वाहने धुऊन-पुसून दूरच्या शहरी विकावयास येऊ शकतात. गालिच्याखाली गाळ, सीटच्या पट्ट्यांवर डाग, आसनांच्या लोखंडावर गंज आणि आत कुबट वास, ह्या त्यांच्या खुणा होत.

पेट्रोलच्या घडणीतही अलीकडे बदल झाला आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, अशा मिश्रणासाठी न घडविलेल्या मोटारींच्या कार्यक्षमतेत सहा ते सात टक्के घट होईल असा अंदाज दिला होता. म्हणजे पूर्वी लिटरला १६ किलोमीटर जाणारी मोटार १५ च्या आसपास उतरली, तर तो मोटारीचा दोष नव्हे. १ एप्रिल २०२३ नंतरच्या मोटारींत रबरी नळ्या इत्यादी भाग ह्या मिश्रणास टिकतील असे योजिलेले आहेत. त्याआधीच्या मोटारीचे हे भाग मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

कागदपत्रांची चिकित्सा ही पेट्रोलइतकीच पैशाची बाब आहे. आर.सी. बुकावरील चासिस व इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवावेत, बँकेचा बोजा उतरला आहे की नाही ते पाहावे. खरेदीनंतर तीस दिवसांच्या आत नोंदणी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करणे कायद्याने आवश्यक आहे. विमा आपल्या नावे करून घेण्यास चौदा दिवसांची मुदत आहे. विकणाऱ्यानेही ह्यात ढिलाई करू नये, कारण नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे.

परराज्यातील स्वस्त मोटारीचा मोह विशेषतः बदलीच्या नोकरीत असलेल्यांना होतो. मोटार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची, तर तेथील नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र आणि बहुधा नव्याने रस्ता-कर आलाच. नोंदणीची पंधरा वर्षे भरत आलेली मोटार घेताना नूतनीकरणाचा खर्च धरावा. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, आणि २०२५ साली त्यांत फेरफारही झाले; तेव्हा व्यवहारापूर्वी ताजा आदेश परिवहन कार्यालयातून समजून घ्यावा.

शेवटी, जी गोष्ट रुपयांत मोजता येत नाही, तिचा विचार. वजन कमी केल्याने पेट्रोल वाचते, हे खरे. पण जुन्या स्वस्त मोटारींच्या मूळ प्रकारांत एअरबॅग वा एबीएस ब्रेक नसत. नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस, आणि जुलै २०१९ पासून निदान चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. बायकामुलांना घेऊन हमरस्त्यावर जाणाऱ्याने, दोन मोटारींत थोडक्याच किमतीचा व पेट्रोलचा फरक असेल, तर ह्या सोयी असलेलीच घ्यावी. लिटरमागच्या एका किलोमीटरासाठी त्या सोडणे ही काटकसर नव्हे.

सारांश, प्रथम स्वतःचा प्रवास मोजावा, मग आपल्या वापरास साजेशी जात निवडावी, त्या जातीतील नीट राखलेली मोटार शोधावी आणि मग किंमत ठरवावी. मोटार घरी आल्यावर टाकी काठोकाठ भरावी, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवावी, आणि पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरून किती लिटर मावले ते वहीत टिपून ठेवावे. हा स्वतः काढलेला आकडा जाहिरातीपेक्षा लहान असेल. पण पुढे तो अचानक खाली उतरू लागला, की दुरुस्तीची वेळ आल्याची सूचना सर्वांत आधी तोच देईल.