संबंधात्मक माहितीसंचय : कार्यक्षमता-निदान

ओळी व स्तंभ असलेल्या कोष्टकांच्या रूपात माहिती साठविणाऱ्या संगणकीय संचयाची गती मंदावल्यास तिचे कारण मोजमापाने शोधून काढण्याच्या पद्धतीस कार्यक्षमता-निदान म्हणतात. बँका, रुग्णालये, आरक्षण केंद्रे इत्यादींचे व्यवहार अशा संचयांवर अवलंबून असल्याने काही सेकंदांच्या विलंबानेही ते खोळंबतात.

पार्श्वभूमी : संबंधात्मक प्रतिमान एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडले. त्यात कोणती माहिती हवी एवढेच एसक्यूएलसारख्या भाषेतील पृच्छेद्वारे सांगावयाचे असते. ती मिळविण्याचा मार्ग प्रणालीतील नियोजक ठरवितो. पर्यायी मार्गांच्या अंदाजित खर्चाची तुलना करून सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडण्याची पद्धत आयबीएम कंपनीच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात विकसित झाली. पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनी ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. मार्गाची निवड वापरणाऱ्याच्या दृष्टीआड होत असल्याने मंदगतीचे कारणही सहसा दृष्टीआड राहते.

भाराचे मोजमाप : पृच्छेचा एकूण भार म्हणजे तिला एका वेळी लागणारा काळ व ती किती वेळा चालते ती संख्या यांचा गुणाकार होय. दिवसातून एकदा चालणारी ४० सेकंदांची पृच्छा लगेच नजरेत भरते. परंतु २ मिलिसेकंदांची पृच्छा ५ लाख वेळा चालल्यास १,००० सेकंद खर्ची पडतात. केवळ दीर्घकाळ चालणाऱ्या पृच्छांची नोंद ठेवल्यास ही दुसरी पृच्छा निसटते. हा काळ प्रक्रियकात, चकतीवरील वाचनात की दुसऱ्या व्यवहाराने लावलेले कुलूप सुटण्याची वाट पाहण्यात गेला, हेही पाहावे लागते. शेवटच्या प्रकारात पृच्छा निर्दोष असूनही ती मंद भासते.

मार्गाचे परीक्षण : बहुतेक प्रणालींत ‘एक्स्प्लेन’ या किंवा तत्सम आज्ञेने नियोजकाने निवडलेला मार्ग पाहता येतो. समजा, १० लाख ओळींच्या कोष्टकात प्रत्येक पृष्ठावर १०० ओळी आहेत. एक ओळ शोधण्यासाठी संपूर्ण कोष्टक चाळल्यास १०,००० पृष्ठे वाचावी लागतात. वृक्षरूप निर्देशसूची असल्यास चार-पाच पृष्ठे पुरतात. मात्र अटीमध्ये स्तंभावर एखादे फलन लावल्यास साधी निर्देशसूची बहुधा निरुपयोगी ठरते. उलट, कोष्टकाचा मोठा भाग हवा असेल, तर संपूर्ण चाळणेच स्वस्त पडते. म्हणून असे चाळणे हा नेहमीच दोष नव्हे.

अंदाज व वास्तव : निदानातील सर्वांत उपयुक्त खूण म्हणजे ओळींची अंदाजित व प्रत्यक्ष संख्या यांतील तफावत. दोन कोष्टके जोडताना पहिल्यातून १० ओळी येतील असे मानून प्रत्येकीसाठी दुसऱ्यात ४ पृष्ठे वाचण्याचा मार्ग निवडला, तर अपेक्षित वाचन ४० पृष्ठांचे असते. प्रत्यक्षात १ लाख ओळी आल्यास ते ४ लाखांवर जाते. जुनी झालेली सांख्यिकी, मूल्यांची विषम वाटणी आणि परस्परावलंबी स्तंभ स्वतंत्र असल्याचे गृहीत धरणे, ही अशा चुकांची प्रमुख कारणे होत.

उपाय : कारणानुसार सांख्यिकीचे नूतनीकरण, पृच्छेची पुनर्रचना, नवी निर्देशसूची किंवा व्यवहारांचा कालावधी कमी करणे, हे उपाय योजतात. प्रत्येक निर्देशसूची नव्या नोंदींच्या वेळी अद्ययावत करावी लागत असल्याने तिच्यामुळे लेखनाचा खर्च वाढतो. अधिक शक्तिशाली यंत्र घेतल्याने चुकीचा मार्ग बरोबर होत नाही. माहिती वाढताच विलंब पुन्हा जाणवू लागतो. एका वेळी एकच बदल करून वास्तवाशी मिळत्याजुळत्या माहितीवर पुन्हा मोजमाप घ्यावे. अन्यथा कोणत्या बदलाने सुधारणा झाली हे निश्चित सांगता येत नाही.