गाडी काय सांगून राहिली?

जुनी गाडी आवाज करायला लागली की घरात दोनच सल्ले मिळतात. ‘इंजिन खोला’ नाहीतर ‘विकून टाका’. या दोन्हींच्या आधी एक फुकटातलं काम असतं. आवाज नीट ऐकायचं.

आपल्या आजोबांच्या पिढीला आवाजावरून इंजिन ओळखता यायचं. रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या ते सांगायचे, हा आपल्या बांधावरचा पंप, तो नाल्यापलीकडचा. ठोका जरा बदलला की ‘पंपानं हवा धरली वाटते’ म्हणून कूस बदलायचे. राईस मिलमध्ये काम करणाऱ्या माणसालाही पट्टा घसरतोय हे बघावं लागत नाही, त्याला ते ऐकूनच कळतं.

आपलं तसं नाही. आपल्या कानात इअरफोन, गाडीच्या काचा वर आणि गाणी मोठ्यानं. नव्या गाडीत काही बिघडलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि स्क्रीनवर कोड येतो. पण घरात पंधरा-वीस वर्षांची गाडी असेल तर तिच्याकडे सांगायला फारसं दुसरं काही नसतं. ती आवाज करते. तेच तिचं बोलणं.

आणि अशा गाड्या आपल्या जिल्ह्यात अजून बऱ्याच आहेत. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर, कुठल्याही बाजाराच्या दिवशी बघा, एखादी पांढरी मारुती ८०० उभी दिसतेच. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या ८०० ची चावी ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, साधी रचना. म्हणूनच इंजिनचा आवाज समजून घ्यायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

पस्तीस हजारांचा आवाज

आमच्या घरी २००६ ची ८०० आहे. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्यातून ‘टक-टक-टक’ असा आवाज यायला लागला. बंद होईचना. रेस दिली की वाढायचा, सोडली की कमी व्हायचा. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, ‘बेअरिंग गेलं. इंजिन खोलावं लागेल. ३५ हजार धरून चला.’

एवढ्यात तर आमची गाडीच विकली गेली असती. बाबांनी त्याच रात्री ठरवलं, भंगारात द्यायची. त्यांचंही बरोबर होतं. आजीची केमो सुरू आहे, दर तीन आठवड्यांनी नागपूर. पैसे इंजिनात घालायचे की औषधात, हा प्रश्नच नव्हता. पण गाडी गेली तर जायचं कशानं? भंडारा ते नागपूर ६०-६५ किलोमीटर. एरवी आजी एसटीनं हसत जाते, पण केमो घेऊन परत येताना तिला एसटीत बसवत नाही. दर वेळी भाड्याची गाडी करायची तर त्याचाही हिशेब होताच.

मग शेजाऱ्यांनी एका जुन्या मेकॅनिक काकांचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी मलाच विचारलं, ‘आवाज कवा येते, हे सांग पोरी. इंजिन थंडं असताना का गरम झाल्यावर? गाडी उभी असताना येते का चालतानाच? क्लच दाबल्यावर फरक पडते का?’

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ‘मंग दोन दिवस आयक आन मंग ये,’ काका म्हणाले.

थंड की गरम?

ते दोन दिवस मी वाचलं आणि ऐकलं. कळलं ते असं, की काकांच्या पहिल्याच प्रश्नात अर्धं निदान होतं.

इंजिन थंड असतं तेव्हा धातू आकसलेला असतो. झिजलेला पिस्टन सिलिंडरमध्ये किंचित डुलतो आणि भिंतीवर आपटतो. गरम झाल्यावर तो फुगतो, फट कमी होते, आवाज दबतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट जरासं फाटलं असेल तरी थंड असताना ‘टिक-टिक’ येते आणि तापल्यावर फट मिटून ती गायब होते. म्हणजे सकाळी येणारा आणि दहा मिनिटांत जाणारा आवाज बहुतेक वेळा थोडी सवड देतो.

उलटा प्रकार जास्त वाईट. ऑइल तापलं की पातळ होतं. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजलेली असतील तर त्यांच्यातला ऑइलचा थर पुरत नाही आणि खालून जड ‘ठक-ठक’ सुरू होते. सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथंच बाजूला घ्यायची आणि बंद करायची. ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्यांचं इंजिन घरापर्यंत जातंच असं नाही.

आमचा आवाज थंड असतानाही होता आणि गरम झाल्यावरही तसाच. उभ्या गाडीत यायचा, क्लच दाबून फरक नव्हता. म्हणजे चाकं आणि क्लच यादीतून बाहेर. उरलं इंजिन आणि त्याच्यावर लटकलेल्या वस्तू.

अकरावीचं फिजिक्स कामाला आलं

पुढची गंमत सायन्सवाल्यांसाठी. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या मारतो तेव्हा कॅमशाफ्ट एकच फेरी मारतो. प्रत्येक व्हॉल्व्ह त्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून व्हॉल्व्हच्या बाजूचा, म्हणजे ज्याला सगळे ‘टॅपेटचा आवाज’ म्हणतात तो, क्रँकच्या अर्ध्या वेगानं येतो. क्रँकच्या बाजूचा ठोका साधारणपणे क्रँकच्या वेगानं येतो.

मग क्रँकचा वेग किती? आमच्या ८०० मध्ये आरपीएमचा काटा नाही. पण सायलेन्सर तो सांगतो. तीन सिलिंडर, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन स्फोट. फोनवर सायलेन्सरजवळचा आवाज रेकॉर्ड केला आणि तरंग दाखवणाऱ्या ॲपमध्ये मोठा करून बघितला. फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं ॲप फुकट मिळतं, त्यात ही सोय आहे. सेकंदाला २२-२३ ठोके दिसले. तीन ठोक्यांना दोन फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १५ फेऱ्या, मिनिटाला ९००. उभ्या गाडीत एवढंच असायला हवं.

आता ‘टक-टक’ व्हॉल्व्हची असती तर सेकंदाला साडेसात वेळा दिसली असती, क्रँकची असती तर १५ वेळा. आमची ना साडेसात होती, ना पंधरा. ती या दोन्ही तालांपासून सरकत जात होती. भजनात सगळे एका ठेक्यात असावेत आणि एकाचीच टाळ वेगळी वाजावी तशी.

याचा अर्थ तो आवाज क्रँकला किंवा कॅमला थेट बांधलेला नव्हता. मग तो पट्ट्यावर फिरणाऱ्या एखाद्या वस्तूचा असू शकतो, कारण तिचा वेग तिच्या पुलीच्या आकारावर ठरतो. प्रत्येक गाडीत इतकं स्वच्छ दिसेलच असं नाही, आवाज एकमेकांत मिसळतात. पण कुठं शोधायचं याची दिशा तर मिळते.

स्क्रू ड्रायव्हरचा स्टेथोस्कोप

तिसऱ्या दिवशी काकांना हे सगळं सांगितलं. ते हसले. ‘मोबाइल बी कामाचा आये म्हणायचा,’ म्हणाले आणि लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनवर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. डॉक्टर छाती तपासतात तसे एकेक जागा ऐकत गेले. आवाज धातूतून लांबवर पसरतो, म्हणून नुसतं बॉनेटसमोर उभं राहून कळत नाही. बिघाड एका टोकाला असतो आणि ऐकू येतो भलतीकडेच. आमच्या ‘बेअरिंग’च्या निदानाचं असंच झालं असावं.

मग त्यांनी तीन गोष्टी ओळीनं केल्या.

आधी डिपस्टिक. ऑइल पुरेसं होतं. ऑइल कमी असेल तर पुढची कुठलीच परीक्षा करायची नाही, आधी ते भरायचं.

नंतर एकेका सिलिंडरचं काम क्षणभर बंद करून ऐकलं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर त्या सिलिंडरमधला स्फोट थांबताच ठोका हलका होतो. आमचा आवाज हलला नाही. हे घरी करून बघायचं काम नाही. स्पार्क प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि न जळलेलं पेट्रोल पुढं गेलं तर कॅटलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

शेवटी पट्टा काढला आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. त्याहून जास्त नाही, कारण पट्टा नसेल तर पाणीही फिरत नाही.

आवाज गायब! इंजिन इतकं शांत चाललं की बाबा दोन पावलं पुढं आले.

गाडी बंद करून काकांनी वॉटर पंपाची पुली हातानं हलवली. ती लटलट हलत होती. पंपाखाली सुकलेल्या कूलंटचा हिरवट ओघळ होता. पंपाचं बेअरिंग गेलं होतं. म्हणजे बेअरिंग गेलं हे खरंच होतं, फक्त कुठलं हे कुणी विचारलं नव्हतं.

पंप, पट्टा, कूलंट आणि मजुरी, सगळं अडीच हजारांच्या आत झालं.

दुर्लक्ष केलं असतं तर?

या गोष्टीचा अर्थ ‘मेकॅनिक घाबरवतात, लक्ष देऊ नका’ असा काढू नका. उलट आहे. तो पंप तसाच ठेवला असता तर मे महिन्याच्या ४४-४५ डिग्रीत, नागपूरच्या रस्त्यावर कधीतरी तो बसला असता. पाणी फिरणं थांबलं की इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅस्केट जळतं. तेव्हा ३५ हजारांचा अंदाज खरा ठरला असता आणि गाडीत मागच्या सीटवर आजी असती.

चुकीचं निदान महाग पडतं आणि निदानच न करणं त्याहून महाग. जुन्या गाडीचा हिशेब तसाही नाजूक असतो. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, तेही पाच वर्षांसाठीच. तपासणी, विमा, पीयूसी. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला टेकला की घरातले लोक गाडीवर पाणी सोडतात. त्यामुळे तो आकडा खरा आहे का, हे तपासणं महत्त्वाचं.

कान असणाऱ्यांना काम आहे

ही विद्या काकांसोबत संपेल असं वाटत असेल तर थांबा. गाडीतले आवाज आणि कंपनं यांचा अभ्यास हे इंजिनिअरिंगचं स्वतंत्र क्षेत्र आहे, त्याला एनव्हीएच म्हणतात. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. इकडे आपल्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात, वरठीच्या सनफ्लॅगमध्ये वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारं स्टील तयार होतं. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनचा गोंगाटच नाही, त्यामुळे बारीकसारीक कुरकुरही कानाला लागते. ती शोधायला कुणीतरी लागेलच.

आणि ज्यांना यातलं काही व्हायचं नाही, त्यांनी एवढं तरी करावं. गॅरेजला जाण्याआधी आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढावा आणि कागदावर तीन ओळी लिहाव्यात. कधी येतो, कशानं वाढतो, कशानं थांबतो. त्या कागदानं गाडी दुरुस्त होणार नाही, पण ‘इंजिन खोला’ म्हणणाऱ्याला ‘का?’ असं विचारता येईल.

आवाज ओळखा

• वरून हलकी ‘टिक-टिक’, रेसबरोबर वाढणारी: टॅपेटची फट वाढली असेल. ऑइलची पातळीही बघा.

• किंचाळल्यासारखा आवाज, हेडलाइट लावल्यावर वाढणारा: पट्टा सैल किंवा झिजलेला.

• चढावर जोर लावताना ‘किणकिण’: इंजिनचं नॉकिंग. इग्निशन टायमिंग, आत साचलेला कार्बन किंवा खराब पेट्रोल.

• क्लच दाबल्यावर घरघर: क्लचचं रिलीज बेअरिंग. क्लच सोडल्यावर घरघर: गिअरबॉक्सकडे बघा.

• गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी गुणगुण, रेस कमी-जास्त करून फरक नाही: चाकाचं बेअरिंग.

• खालून जड ‘ठक-ठक’ आणि ऑइलचा लाल दिवा: गाडी लगेच बंद. टो करून न्या.

हे विसरू नका: इंजिन चालू असताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस पट्ट्यापासून दूर ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो.