पाद्रीबाबांची पाणपोई

आमच्या वागळे इस्टेटमध्ये चैत्र लागला की कुणी ना कुणी दारात माठ मांडतं. इंग्लंडातल्या खेड्यांत मात्र गावच्या पाद्रीबाबांच्या स्मरणार्थ पुतळा न उभारता कधी कधी दगडी पाणपोई बांधत. १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे दाखवलं. मग १८५९ साली लंडनमध्ये पहिली मोफत पाणपोई उघडली, तीही एका चर्चच्या कुंपणात! तहान नळावर भागली की माणूस गुत्त्यात शिरत नाही, हा पाद्रीमंडळींचा व्यवहारी हिशेबही त्यात होता.

मुंबईत १८६० साली विहारचं पाणी नळाने आलं आणि शेटजींनी प्याऊ बांधले. केशवजी नाईकांचा १८७६चा. मिंट रोडवरचा रतनसी मुळजींनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधला, आराखडा व्हीटीवाल्या स्टीव्हन्सचा. गुराढोरांसाठी खाली कुंड असे. जनावरांना पाणी होतं. माणसांना मात्र हक्काच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, हेही विसरू नये.

त्यातल्या काही प्याऊंची अलीकडे डागडुजी झाली. पुष्कळ कोरडेच आहेत, आणि शेजारीच हमाल पाण्याची बाटली विकत घेतो.